पुलावरचा मापाडी

अण्णांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला, मांडीवर आखीव कागदांचं पॅड ठेवलं आणि माईंना सांगितलं, "कर चालू."

माईंनी खेळ चालू केला. पडद्यावर काळे डोंगर आले, डोंगरांवरून एक गरुड गेला, नगारे वाजले आणि 'काळ्या खिंडीचं राज्य : भाग दुसरा' अशी सोनेरी अक्षरं एकेक करून उगवली. अण्णांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून पहिली नोंद केली : 'शीर्षक पूर्ण उमटण्यास लागलेला वेळ एकोणीस सेकंद. अवाजवी.'

"अहो, अजून सुरूसुद्धा झालं नाही," माई म्हणाल्या.

"सुरू व्हायला वेळ लागतो, हीच तर त्रुटी आहे."

अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली होती. त्याआधी तेहतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासले, घासून घासून हलकी झालेली वजनं जप्त केली, तेलाच्या मापांची बुडं ठोकून पाहिली. निवृत्तीनंतर तपासायलाच काही उरलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी घरातले डबे तपासले. दुसऱ्या वर्षी इमारतीचं पाण्याचं मीटर. तिसऱ्या वर्षी माईंनी कंटाळून त्यांना बागेत फिरायला पाठवलं, तर तिथल्या पाटीवर 'एक फेरी, एक किलोमीटर' लिहिलं होतं ते बेचाळीस मीटरनी कमी भरतं, असं मोजून आले. चौथ्या वर्षी ते गप्प बसायला लागले. माणूस गप्प बसला की घरच्यांना बरं वाटतं असं म्हणतात. माईंना नाही वाटलं.

अशा वेळी टपालानं तो खेळ आला. चिरंजीवांनी पाठवला होता.

चिरंजीव एकतीस वर्षांचे, दुसऱ्या शहरात, खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत होते. खात्याच्या परीक्षेचा दुसरा पेपर अर्धवट टाकून ते तिकडे गेले, तेव्हापासून अण्णांचं आणि त्यांचं बोलणं हवामान आणि आईची तब्येत यांच्यापलीकडे जात नसे. काळ्या खिंडीच्या पहिल्या भागात त्यांच्याकडे दगड होते; म्हणजे डोंगरात कुठला दगड कुठे पडलेला असावा, हे ते ठरवायचे. दुसऱ्या भागात बढती होऊन ते कथालेखक झाले. राजाराणीची मुख्य कथा थोरामोठ्यांकडे. रस्त्यात भेटणाऱ्या किरकोळ माणसांच्या कथा चिरंजीवांकडे. पुडक्यात चिठ्ठी होती : 'आई, तुझ्यासाठी. अण्णांना दाखवायची घाई करू नकोस.'

माईंनी ती चिठ्ठी ताबडतोब अण्णांना वाचून दाखवली. संसारात त्यांनी अण्णांपासून कधी काही लपवलं नव्हतं, आणि लपवलेलं अण्णांना सापडल्यावाचून राहिलंही नसतं.

"मी तपासतो," अण्णा म्हणाले. "गुण आणि दोष, दोन रकाने. आणि आपला मुलगा आहे म्हणून सूट मिळणार नाही."

"मागितलीय कुणी?" माई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर अण्णांना मुलाशी बोलायचं होतं. पण बोलणं कसं सुरू करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि अहवाल कसा सुरू करतात ते ठाऊक होतं.

तपासणी सुरू झाली आणि लगेच अडली. कुठलंही वजन तपासायचं तर ते प्रमाण वजनाशी ताडून पाहावं लागतं, हा खात्याचा पहिला धडा. दुसरा भाग तपासायचा तर प्रमाण कोणतं? अर्थातच पहिला भाग. म्हणजे आधी पहिला भाग खेळायला हवा. तो समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मिळाला. त्या पन्नाशीच्या होत्या, दवाखाना घरातच होता आणि पेशंटच्या तोंडातला साचा वाळेपर्यंत त्या आतल्या खोलीत राक्षस मारून येत.

"अण्णा, चाळीस तास लागतात," त्या म्हणाल्या.

"लागू देत. तेहतीस वर्षं दिली आहेत."

इमारतीचे सेक्रेटरी सल्ला द्यायला आपणहून वर आले. त्यांच्या भाच्याला अशाच खेळानं मानेचा पट्टा लागला होता. त्यांनी खुर्चीची उंची, डोळ्यांत घालायचे थेंब आणि अंगठ्याचे व्यायाम सांगितले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "अहवालाची एक प्रत कमिटीला द्या. रेकॉर्डला असावी."

मग नोंदणीची भानगड. योद्ध्याला नाव द्यायचं होतं. अण्णांनी 'निरीक्षक (निवृत्त)' असं लिहिलं. कंस चालत नाहीत, असं उत्तर आलं. कंस काढला तर मोकळी जागा चालेना. शेवटी अण्णांचा योद्धा 'निरीक्षकनिवृत्त' या नावानं काळ्या खिंडीत उतरला, आणि पुढे दोन महिने चिलखत घातलेल्या त्या धिप्पाड तरुणाच्या डोक्यावर हे नाव तरंगत राहिलं. त्याआधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करावं लागलं. नऊ चित्रांपैकी सिग्नल असलेली चित्रं निवडा. अण्णांचा प्रश्न असा की सिग्नलचा खांब हा सिग्नलमध्ये धरायचा की नाही? त्यांनी धरला नाही. तीनदा यंत्र ठरले. चौथ्यांदा माईंनी खांब धरला आणि अण्णा माणूस झाले.

पहिला भाग अण्णांना आवडला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण जेवताना ते, "त्या विधवेच्या दोन शेळ्या अजून सापडायच्या आहेत," असं स्वतःशीच म्हणाले, तेव्हा माईंना कळलं. गाव होतं अकरा घरांचं. लोहार ओळख ठेवायचा. काल मदत केली तर आज गावातली बाई हात करायची. अण्णांना निवृत्तीनंतर कुणी हात केला नव्हता. बाजारात तर लोक त्यांना पाहून अजूनही पारड्यातला हात काढून घ्यायचे.

चाळीसचे त्रेसष्ट तास झाले. मग दुसरा भाग.

दुसरा भाग मोठा होता. एकोणीस शहरं, चार समुद्र, आकाशात उडणारी जनावरं. आणि पहिल्या पाच मिनिटांतच पहिल्या भागातलं ते अकरा घरांचं गाव जळून गेलं. लोहारही गेला. अण्णा बराच वेळ खुर्चीत तसेच बसून राहिले. मग त्यांनी लिहिलं : 'त्रुटी क्र. २ : गाव जाळण्याचे कारण समाधानकारक नाही.'

गुण नव्हते असं नाही. पहिलाच गुण अण्णांनी ठळक अक्षरांत नोंदवला : या खेळात प्रत्येक वस्तूला वजन होतं. तलवार साडेचार, ढाल सात, पावाचा तुकडा अर्धा; वजन जास्त झालं की योद्धा धापा टाकायचा, पाय ओढत चालायचा. अण्णांना गहिवरून आलं. पण साडेचार म्हणजे काय साडेचार? एककच दिलेलं नव्हतं. हा गुण आणि त्रुटी क्रमांक तीन एकाच ओळीत आले. संगीत चांगलं, विशेषतः ओसाड किल्ल्यातलं. पावसाचं पाणी कौलांवरून पडताना खरं वाटतं. पण घोडे भिंतीत अडकतात आणि अडकूनही चालत राहतात. संवादात चार उत्तरं निवडायला देतात आणि कुठलंही निवडलं तरी समोरचा तेच म्हणतो. 'हे वास्तवाला धरून आहे,' असं अण्णांनी लिहिलं, मग खोडून त्रुटींमध्ये टाकलं. पाहिलेल्या सगळ्या शहरांत मिळून माणसांचे चेहरे तीनच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपला योद्धा जसजसा बलवान होतो, तसतसे लांडगेही बलवान होतात. 'मग इतकी वर्षे बलवान होऊन उपयोग काय?' या त्रुटीपाशी अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आता तो पूल.

सातव्या शहराकडे जाताना दरीवर एक दगडी पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा मापाडी तराजू घेऊन बसलेला असायचा. पुलावरून जाणाऱ्याच्या सामानाचं वजन अठ्ठावीसच्या वर असता कामा नये. निरीक्षकनिवृत्त पहिल्यांदा गेला तेव्हा एकतीस भरलं. म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण काट्याला मान्य नाही. मागे फिरा." अण्णा अर्धा दिवस घालवून सामान विकून आले. बरोबर अठ्ठावीस. म्हाताऱ्यानं कपाळावर ढकललेला चष्मा इकडेतिकडे शोधला, पुन्हा तोलून पाहिलं आणि तलवारीचं म्यान धरलेलं नाही म्हणून परत पाठवलं.

अण्णा खुर्चीतून उठले. एका निरीक्षकाला दुसऱ्यानं दोनदा परत पाठवावं, हे त्यांना सोसलं नाही. नदीच्या खालच्या अंगानं, लांडग्यांच्या रानातून एक दूरची वाट होती. अण्णा तिनं गेले. आणि त्यांनी लिहिलं :

'त्रुटी क्र. १७ : पुलावरचा मापाडी. हे पात्र अवास्तव आहे. इतका हेकट मनुष्य प्रत्यक्षात असणे शक्य नाही आणि असल्यास घरातले त्यास चालवून घेणार नाहीत. खेळाडूचा विनाकारण खोळंबा होतो. त्याच्या तोंडचे काट्यासंबंधीचे एक वाक्य तेवढे समजूतदार आहे. पात्र काढून टाकावे.'

अहवाल अकरा पानांचा झाला. गुण सात, त्रुटी तेवीस. तो कंपनीला टपालानं पाठवायचा तर पत्ता कुठेच नव्हता. संकेतस्थळावर 'तुमचं मत लिहा' अशी एक चौकट होती, आणि चौकटीत दोनशेच अक्षरं मावत होती. अण्णांनी अहवालाचे एकशे चार तुकडे पाडले आणि डॉक्टरीणबाईंच्या मदतीनं तीन दुपारी बसून एकेक करून टाकले. प्रत्येकाच्या शेवटी 'पुढे चालू' आणि सुरुवातीला 'मागून चालू', त्यातच अठरा अक्षरं जात.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई हातमोजे न काढताच धावत आल्या. "अण्णा, तुमचा अहवाल चाळीस हजार लोकांनी वाचला!"

अण्णांनी पाहिलं. खाली लोकांनी पिवळे चेहरे लावले होते.

"हा मनुष्य रडतोय का?"

"हसतोय."

"डोळ्यांतून पाणी येतंय."

"खूप हसतोय."

अण्णा गंभीर झाले. आपल्या अहवालात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना सापडेना. पण बरेच जण हसून झाल्यावर, 'माणूस बरोबर बोलतोय', असंही लिहीत होते. गाव का जाळलं, असं हजारोंना वाटत होतं. एकक नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि मापाडी तर सगळ्यांनाच नको होता. 'सतरा नंबर, सतरा नंबर' असं एकामागून एक लिहिलेलं होतं. सेक्रेटरी खाली भेटले तेव्हा त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "चाळीस हजार म्हणजे पुष्कळ झाले. गच्चीच्या गळतीबद्दल एक ओळ टाकता येईल का त्यात?"

पंधरवड्यानं कंपनीचं निवेदन आलं. खेळाडूंच्या सूचनांना मान देऊन येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता खेळाची सुधारित आवृत्ती येत होती. घोड्यांविषयी विचार चालू होता. गावाविषयी काही नव्हतं. एककाविषयी काही नव्हतं. तेवीस त्रुटींपैकी एकच मान्य झाली होती : पुलावरचा मापाडी काढून टाकण्यात येत आहे.

तेविसांत एक हे प्रमाण कमीच. पण खात्यातही याहून जास्त कधी मिळालं नव्हतं. अण्णा ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेले आणि माईंना निवेदन वाचून दाखवलं.

माई डबे पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"तो म्हातारा खाकरून बोलतो. चष्मा कपाळावर ढकलतो आणि सगळीकडे शोधतो."

"पुष्कळ लोक शोधतात."

"आणि 'तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण काट्याला मान्य नाही' असं पुष्कळ लोक म्हणतात? आपला मुलगा पेपर टाकून घरी आला, मला हे नाही करायचं अण्णा, म्हणाला, तेव्हा इथे, याच ओट्यापाशी उभं राहून तुम्ही त्याला काय म्हणालात?"

अण्णांनी चष्म्यासाठी हात वर नेला. चष्मा कपाळावरच होता. त्यांनी तो तिथेच राहू दिला.

"डॉक्टरीणबाईंना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. खालच्या वॉचमनलाही कळलं, मी मोबाइलवर दाखवलं तर."

"आणि त्याला? तो अहवाल माझा आहे हे..."

"'विषय' आणि 'संदर्भ' घालून खेळाबद्दल लिहिणारा दुसरा कोण आहे? फोन आला होता त्याचा. अण्णांचंच आहे ना, विचारलं. मी हो म्हटलं. बरं लिहिलंय म्हणाला आणि ठेवला."

अण्णा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आपण अवास्तव आहोत, असं चाळीस हजार लोकांसमोर लेखी देऊन बसलो, याचं त्यांना तितकंसं वाटलं नाही. मुलानं आपल्याला कुठेतरी बसवलं होतं, पुलावर का होईना, हातात तराजू देऊन. आणि तिथूनही आपणच स्वतःला उठवलं, हे मात्र आत जाऊन रुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तक्रार मागे घ्यायचं ठरवलं. संकेतस्थळावर दोनच पर्याय होते, 'तक्रार सुटली' आणि 'तक्रार सुटली नाही'. त्यांनी मदतकक्षाला फोन लावला. पाऊण तास ओसाड किल्ल्यातलं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, अभिनंदन. तुमची तक्रार सुटलेली आहे."

"मला ती सुटायला नको आहे."

"म्हणजे तुम्ही समाधानी नाही?"

"तक्रार चुकीची होती. मी माझा शेरा मागे घेतो."

"सर, शेरा मागे घेता येत नाही. नवीन तक्रार नोंदवता येईल. तक्रारीचं स्वरूप सांगा."

"माझ्या आधीच्या तक्रारीवर कारवाई झाली, ही तक्रार."

बराच वेळ टकटक ऐकू आली. "सर, तसा पर्याय नाहीये. 'घोडा अडकला' टाकू का?"

अण्णांना त्या मुलीचा राग आला नाही. एकदा दिलेला शेरा खोडत नसतात, हे त्यांनी स्वतः किती दुकानदारांना सांगितलं होतं! एकजण तर अक्षरशः पायरीवर बसून राहिला होता.

उरला एकच मार्ग. गुरुवारी अकराच्या आत तिसऱ्यांदा पुलावर जायचं. मुलानं त्या म्हाताऱ्याचं पुढे काय केलं, ते निदान पाहून घ्यायचं. बुधवारी सकाळपासून अण्णा खेळाला बसले. आता त्यांचा योद्धा तेराव्या शहरात होता. परत यायचं म्हणजे लांडग्यांचं रान. लांडगे आता फारच बलवान झाले होते. निरीक्षकनिवृत्त दुपारपर्यंत नऊ वेळा मेला. डॉक्टरीणबाई एका पेशंटला आ करून बसवून सांगून गेल्या की आगीची मशाल धरा. सेक्रेटरींनी अंगठ्याला तेल लावायला सांगितलं. मशालीचं वजन दोन भरलं, म्हणून अण्णांनी ढाल टाकली. ढाल टाकल्यामुळे दहाव्यांदा मेले.

गुरुवारी पावणेअकराला ते दरीपाशी पोचले. सामान त्यांनी कागदावर तीनदा मांडून पाहिलं होतं. म्यानासकट सत्तावीस पूर्णांक तीन चतुर्थांश. पूल दिसत होता. पुलाच्या तोंडाशी म्हातारा दिसत होता, ठिपक्याएवढा, पारडी पुसत बसलेला. अण्णांनी घोड्याला टाच मारली आणि घोडा वाटेतल्या देवडीच्या भिंतीत अडकला.

तो चालत राहिला. पाय हलत होते, खूर वाजत होते, भिंत जागची हलत नव्हती. अण्णांनी सगळी बटणं दाबून पाहिली. "उतरा ना खाली," माई म्हणाल्या. पण भिंतीत असताना उतरता येत नव्हतं. घड्याळात अकरा वाजले. चित्र थांबलं आणि पडद्यावर अटी व शर्तींची चौदा पानं आली. अण्णांनी आयुष्यात न वाचता कशालाही संमती दिली नव्हती. त्यांनी चौदाही पानं वाचली. शेवटी एकच बटण होतं : 'मान्य आहे.' 'अमान्य' कुठे आहे ते त्यांनी बराच वेळ शोधलं.

मग खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा घोडा भिंतीबाहेर सुटा उभा होता. अण्णा पुलापर्यंत गेले. पूल मोकळा होता. त्याच तीन चेहऱ्यांची माणसं वाटेल तेवढी ओझी घेऊन इकडून तिकडे चालली होती. जिथे म्हातारा बसायचा तिथे दगड जरा झिजलेला होता. तेवढं पुसून टाकायला कंपनी विसरली होती. अण्णांनी योद्ध्याला तिथे उभं केलं आणि काही करायचं नव्हतं म्हणून तसंच उभं ठेवलं.

"मी पाहिलंय," माई मागून म्हणाल्या.

"काय पाहिलंय?"

"तिसऱ्यांदा काय होतं ते. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा मी खेळायची. मी दुसऱ्याच आठवड्यात पुलावरून गेले." अण्णांनी वळून पाहिलं. त्यांचा योद्धा जेमतेम तेराव्या शहरापर्यंत पोचला होता. बायको केव्हाच एकोणीस शहरं पालथी घालून, राजाला गादीवर बसवून, ताटं वाढायला परत आली होती.

"मग सांग. काय होतं?"

"मी नाही सांगणार," माई म्हणाल्या. "ज्यानं लिहिलंय त्याला विचारा."

अण्णांनी मुलाला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. फोन माई लावायच्या आणि शेवटी अर्धा मिनिट त्यांच्या हातात द्यायच्या. नंबरसुद्धा माईंनीच वाचून सांगितला.

"अण्णा?" चिरंजीवांचा आवाज घाबरलेला होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे." अण्णा खाकरले. "तो मापाडी. तिसऱ्यांदा गेलं की काय होतं?"

पलीकडे मागे कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं.

"तुम्ही खेळलात?"

"दोनदा परत आलो. आज तिसऱ्यांदा गेलो, तर..." घोडा भिंतीत अडकला, हे त्यांना सांगवेना. "उशीर झाला."

"तिसऱ्यांदा तो तराजू काढतच नाही," चिरंजीव म्हणाले. "जेवलास का, असं विचारतो. आणि बाजूला होतो."

"वजन न करता?"

"न करता."

"पिशवीत जास्त असलं तरी?"

"काहीही असलं तरी."

अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"माहीत आहे. इथेही तेच म्हणाले. शंभरातले दोनच जण तिसऱ्यांदा जातात, उरलेले वैतागतात. तुम्ही लिहिलं नसतं तरी काढलाच असता त्याला. तुमचं फक्त निमित्त झालं."

हे खरं होतं, की मुलगा आपल्याला वजन न करता सोडत होता, ते अण्णांना ठरवता आलं नाही.

"सतरा नंबर चुकला माझा," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, त्यामुळे आवाज कार्यालयीन आला.

"राहू दे, अण्णा."

"राहू दे कसं? चुकला म्हणजे चुकला." आणि मग, पुढे काय बोलायचं ते न सुचून, "आता काय देतात तुला लिहायला?"

"लिहायला नाही. ते खातं बंद केलं. मला गवतावर टाकलंय."

"गवतावर?"

"वारा आला की गवत कसं हलायचं ते बघायचं. आत्ता सगळं एकदम हलतं, एकाच बाजूला. कुणाच्या लक्षात येत नाही, पण मला बघवत नाही."

"तसं नसतं," अण्णा म्हणाले.

"नसतं ना?"

"नसतंच. आधी..." अण्णा थांबले. आधी काय हलतं, शेंडे की मधलं, हे आपण कधी नीट पाहिलेलंच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. न पाहता बोलणं त्यांच्यानं होणार नव्हतं. "जरा थांब. ठेवू नकोस."

ते फोन कानाला धरून गॅलरीत गेले. खाली गाड्या लावायच्या जागेपलीकडे, कुंपणाच्या भिंतीलगत, गुडघाभर वाळकं गवत उभं होतं. अण्णांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कठड्यावरून वाकून पाहिलं.

"दिसतंय का?" चिरंजीवांनी विचारलं.

"गवत दिसतंय. वारा नाही."

"मग?"

"येईल की. तुला काम आहे का?"

"नाही," चिरंजीव म्हणाले. "तसं काही नाही."

ऊन चढलं होतं आणि पानसुद्धा हलत नव्हतं. दोघेही फोन कानाला धरून वारा यायची वाट बघत राहिले.